लांब बाह्यांचा कोट

१. चुकीच्या काचेमागे

कोट चुकीच्या दुकानात टांगलेला होता.

भिंगरी शाळेतून घरी निघाली होती. दप्तर एका खांद्यावर, तोंडात अर्धंमुर्धं गाणं. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर ती अशी काही थबकली, की मागून येणारी बाई तिच्यावर आदळता आदळता वाचली आणि जाता जाता दोन शब्द सुनावून गेली. भिंगरीला ते ऐकूही आलं नाही. काचेमागे लाकडी पुतळा होता आणि त्याच्या अंगात आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचा निळा कोट. कोटाची टोपी अर्धी कॉलरच्या आत, अर्धी बाहेर. ती मुद्दाम तशी ठेवली होती, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला गंमत कळावी. टोपी नको असेल तेव्हा कॉलरमध्ये गडप, पाऊस आला की बाहेर.

ही गंमत एकाच टेबलावर जन्मली होती, आणि ते टेबल भिंगरीच्या घरात होतं.

तिची आई कपड्यांचे खाके काढायची. कंपनीने चित्र द्यायचं, आईने त्यावरून मोठ्या जाड कागदावर बाही, पाठ, कॉलर असा एकेक तुकडा मापात रेखायचा. मग त्या कागदावरून कारखान्यात ढिगाने कपडे कापले जायचे. आई कुणाची नोकर नव्हती. घरी बसून, स्वतंत्रपणे, तीन जणांचं काम करायची: हॉस्पिटलचे गाउन करणारे, एक नाटकमंडळी आणि मॅडम. मॅडमचा मुलांच्या कपड्यांचा कारखाना होता. टोपीवाला कोट मॅडमचा. तो अजून कुणाच्या नजरेसही पडायचा नव्हता.

आणि कोपऱ्यावरचं दुकान हे मॅडमच्या प्रतिस्पर्ध्याचं, त्यांच्या डोळ्यात सलणारं कुसळ होतं.

भिंगरी धावत सुटली. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. दार सताड उघडं होतं आणि आतून आवाज येत होता. मॅडम तिच्याआधीच पोचल्या होत्या.

"मग काय कागदाला पाय फुटले?" मॅडम टेबलाभोवती फेऱ्या मारत विचारत होत्या. बसायला त्या तयार नव्हत्या. "तीनदा सांगितलं, फक्त माझं काम करा. तीनदा नाही म्हणालात. का ते आता कळलं. चार घरची कामं करणाऱ्या बाईच्या तोंडाला कुलूप कसलं?"

"माझ्या घरातून एका गिऱ्हाइकाची टाचणीसुद्धा दुसऱ्याकडे जात नाही," आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता.

"टाचणी नसेल जात. कोट गेलाय."

मॅडमनी पर्समधून तीन पानं काढून टेबलावर आपटली. "करारनामा. पाच वर्षं फक्त आमचं काम. हॉस्पिटल नाही, नाटक नाही, शेजारणीचा झगासुद्धा नाही. उद्या चार वाजता येते. सही असेल तर हे प्रकरण मी विसरले. नसेल, तर प्रत्येक कारखान्याला पत्र जाईल, की ही बाई खाके फोडते. मग बसा स्वतंत्र."

जाताना दारात भिंगरी उभी दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाजूला हो गं."

भिंगरी बाजूला झाली, पण इतकी सावकाश, की मॅडमना थांबावं लागलं.

मागे वळून बघते तर आईने पेन उचललेलं. टेबलावर हॉस्पिटलच्या गाउनचा अर्धवट खाका पसरला होता. ज्यांना हात वर करता येत नाही त्यांच्यासाठी खांद्यावर उघडणारा गाउन. दोन महिने आई त्याच्यामागे लागली होती. तिने तो हळूच बाजूला सारला आणि करारनामा पुढे ओढला.

"आई, न केलेल्या चोरीची सही करणार तू?"

"पत्र गेलं तर बाकीची दोन्ही कामंही जातील. पाच वर्षं बांधून घेतलेली परवडली."

"चार उद्या वाजणारेत. तोवर पेन खाली ठेव. मी चोर शोधते."

आईने तिच्याकडे नखशिखान्त बघितलं. "आधी तुझी भूमितीची वही शोध. तीन दिवस हरवलीय."

पण पेन तिने खाली ठेवलं.

२. मावशीच्या मशीनवर

नमुन्याचा पहिला कोट शिलाईमावशीने शिवला होता. मावशी म्हणजे रक्ताची नव्हे. दोन गल्ल्या सोडून राहणारी, आईसारखीच फ्रीलान्सर, जो देईल त्याचं शिवणारी. कोपऱ्यावरच्या दुकानाचंसुद्धा. म्हणून भिंगरी आधी तिकडेच गेली. वाटेत तिने ठरवलं होतं, की गोड बोलून, आडवळणाने विषयावर यायचं.

"मावशी, कोट तू फोडलास का?" दारातच ती म्हणाली.

मशीन थांबलं. मावशीच्या तोंडात दोरा होता. तो तिने दाताने तोडला.

"तुझ्या आईने पाठवलं हे विचारायला?"

"नाही. माझी मीच आले."

"मग तुझी तूच जा."

जाण्यासाठी भिंगरी वळली आणि तिला खुर्चीवरची चवड दिसली. निळी. एकावर एक रचलेले कोट, सगळ्यांच्या टोप्या कॉलरमध्ये अर्ध्या गेलेल्या.

भिंगरी चवडीकडे बघतच राहिली. मावशी तिला लहानपणापासून चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायची.

"बघितलंस ना? बघ नीट," मावशी म्हणाली. तिने लपवायचा काही प्रयत्नच केला नाही. "दुकानाने काज करायला दिलेत. आठवडा झाला, करतेय."

"आणि आईला सांगितलं नाहीस."

"का सांगू? एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तुझ्या आईनेच शिकवलाय मला. मला वाटलं, तिने दुकानाचं कामही धरलं असेल. तिचा खाका, ती कुणालाही देईल. मी कोण विचारणारी?"

"तो खाका तुझ्याकडे होता."

"कधीच नव्हता." मावशी उठून उभी राहिली. ती बुटकी होती, तरी खोली भरून गेल्यासारखी झाली. "तुझी आई कापड स्वतः कापते आणि मला नुसते तुकडे देते. कागद मी डोळ्याने बघितलेला नाही. तिच्यासमोर बसून तुकडे जोडले, कोट केला, धुऊन तिच्या हातात दिला, संपलं. आता तुला चोरच हवा असेल तर शिवलेला कोट उसवून त्यावरून खाका काढता येतो, तेवढं मला येतं. म्हण खुशाल."

 भिंगरीने चवडीतला वरचा कोट उचलला. कापड सुळसुळीत होतं, पाणी पडलं तर घरंगळून जाईल असं. तिने टेप ओढली आणि बाही मोजली. मग पुन्हा मोजली.

"बावन्न सेंटिमीटर," ती म्हणाली. "पन्नास हवी ना?"

"म्हणून तर पोरांची बोटं दिसणार नाहीत यातून. दुकानदाराला दोनदा सांगितलं. तो म्हणतो, खाक्यात आहे तेच बरोबर."

"मावशी, हा कोट मला एक दिवस दे."

"ने. आणि परत यायचं असलं तर तोंड धुऊन ये."

३. चार जणांचा कागद

आईने कोट टेबलावर आडवा टाकला, बाहीला टेप लावली आणि मटकन खुर्चीत बसली.

"हा माझ्या कागदावरून कापलाय. कोटावरून नाही."

"कशावरून?"

"मॅडमचं कापड सुती होतं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. बाही पन्नास हवी म्हणून मी कागदावर बावन्न धरली होती. मावशीने शिवून धुतला तेव्हा ती बरोब्बर पन्नास झाली. तिचा कोट उसवून कुणी नक्कल केली असती तर पन्नासच आली असती. बावन्न फक्त कागदावर आहे. आणि या कापडाला आटणं माहीतच नाही."

म्हणजे मावशी सुटली. भिंगरीला इतकं हलकं वाटलं, की तिने जागच्या जागी एक गिरकी घेतली, आणि अर्ध्या गिरकीतच तिच्या लक्षात आलं, की आपण आगीतून फुफाट्यात आलोय. कागद कुणाकुणाच्या हातात पडला होता? आईने काढला. मामाने नेऊन दिला. मॅडमनी घेतला. मॅडमच्या कारखान्यातल्या कटिंगमास्तरांकडे गेला. चारच माणसं. त्यातली दोन याच घरातली.

मामा तेवढ्यात आलाच. आईचा धाकटा भाऊ, स्कूटरवरून सामान पोचवण्याचा त्याचा धंदा. घरात शिरताना शीळ घालत होता, भिंगरीचा चेहरा बघून शीळ अर्ध्यात विझली.

"मामा, दोन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार. खाका मी स्वतः गुंडाळून नळकांड्यात घातला आणि तुझ्या खांद्याला अडकवला. पुढे?"

"पुढे काय? मॅडमच्या हातात दिला. पावती घेतली. पाणीसुद्धा विचारलं नाही बाईंनी."

"मध्ये कुठे थांबलास?"

"ही काय पोलीस झाली का, ताई?"

"उत्तर दे तिला," आई म्हणाली.

मामाने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. मग पुन्हा या हातात.

"थांबलो होतो जरा. कोपऱ्यावरच्या दुकानात."

आई खुर्चीतून उठली.

"नळकांडं खांद्यावरच होतं, उघडलंसुद्धा नाही. शपथ. मी फक्त त्या काकांना म्हटलं, माझी बहीण खाके उत्तम काढते, तिलाही काम द्या. मॅडम तिला छळतात, म्हटलं अजून एक गिऱ्हाईक असलं तर बरं."

"मला न विचारता," आई म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

त्यावर दोघांचं जे जुंपलं त्यात आजोबांपासूनचे सगळे हिशेब निघाले. भिंगरीने तेवढ्यात मामाच्या बॅगेतून पावतीपुस्तक काढून घेतलं. गुरुवारची पावती होती. "मिळाले: नळकांडे एक, गुंडाळलेला खाका एक." खाली मॅडमची ऐसपैस सही.

४. पाकिटावरचं नाव

शनिवारी सुट्टी. दुकान उघडायच्या आधीच भिंगरी शटरसमोर हजर. दुकानवाल्या काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्या हातातला कोट ओळखला.

"हा माझा माल तुझ्याकडे कसा?"

"हा खाका तुमच्याकडे कसा?" भिंगरी म्हणाली.

"ओ हो. कुणाची गं तू?"

तिने सांगितलं. काकांचा चेहरा असा बदलला, की जणू कुणी चिमटा काढला.

"अच्छा. मग बरी सापडलीस. जाऊन सांग तुझ्या आईला, असले खाके पुन्हा पाठवू नकोस म्हणावं. बाह्या दोन बोटं लांब. दोन गिऱ्हाइकांनी कोट परत आणलेत. फुकट पाठवला म्हणून काय कसलाही पाठवायचा?"

"आईने पाठवला?"

काकांनी गल्ल्याखालचा खण ओढला आणि एक चपटं, वहीएवढं तपकिरी पाकीट तिच्यापुढे टाकलं. पाठवणाऱ्याच्या जागी टाईप केलेलं नाव होतं. आईचं. पूर्ण, पत्त्यासकट.

भिंगरीने ते दोनदा वाचलं.

"तुझा मामा गुरुवारी काम मागून गेला," काका बोलतच होते, "आणि पुढच्या मंगळवारी हे आलं. आत चिठ्ठी. 'नमुना म्हणून खाका पाठवत आहे, पसंत पडल्यास पुढचं काम द्यावं.' मी म्हटलं, वा, बाई कामाची दिसते. लगेच कापायला दिला. आता भोगतोय."

"कागद बघू?"

"हात स्वच्छ आहेत?"

कागद म्हणजे मोठ्या आकारातली झेरॉक्स होती. पाकिटात बसावी म्हणून घड्या घातलेली. भिंगरीने ती गल्ल्यावर उलगडली. आईच्याच रेषा. पण आई प्रत्येक खाक्याच्या कडेला बारीक अक्षरात सूचना लिहिते: गिऱ्हाईक कोण, कापड कुठलं, किती आटेल, किती जागा धरली. ती कड कोरी होती. झेरॉक्स काढणाऱ्याने लिखाण झाकलं होतं.

आणि अजून काहीतरी होतं. कागदभर पुसट करड्या रेघा, आडव्या आणि उभ्या. तिला आधी वाटलं, घड्याच आहेत. तिने त्यांच्यावरून नख फिरवलं. जिथे खरी घडी होती तिथे नख अडकलं. करड्या रेघांवरून ते सरळ घसरत गेलं. खऱ्या घड्या एका जागी, रेघा भलत्याच जागी. रेघा छापलेल्या होत्या.

"काका, तुम्ही हा कागद घेऊन आज चार वाजता आमच्या घरी या. बाह्या का लांब आहेत ते आई सांगेल."

"भरपाई मिळेल?"

"भांडायला मिळेल," भिंगरी म्हणाली.

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "येतो."

५. मास्तरांची इस्त्री

मॅडमच्या कारखान्यातले कटिंगमास्तर जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी बाकावर बसत. सडपातळ, कानावर खडू, डोळ्यांत कायमची नापसंती. भिंगरीने आईचं नाव घेतलं मात्र, त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"तिचं नाव जेवताना काढू नकोस."

"तिने तुमचं काय केलंय?"

"काय केलंय? घरी बसून रेघोट्या मारते आणि मॅडम म्हणतात, बघा, याला म्हणतात खाका. एकतीस वर्षं कापड कापतोय मी. आणि तिला साधा कागद पाठवायची अक्कल नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? खाका कुणी घडी घालून पाठवतं? घडीवर रेघ तुटते, माप हलतं. शिकाऊसुद्धा गुंडाळतो किंवा टांगतो. हिने रुमालासारख्या घड्या घातल्या. ह्या सोमवारी माझ्या हातात आला तेव्हा बघवेना. तासभर इस्त्री फिरवली त्याच्यावर, तरी खुणा गेल्या नाहीत."

भिंगरी जागच्या जागी ताठ झाली. नळकांड्यात घालण्याआधी तो कागद तिने स्वतःच्या हातांनी गुंडाळला होता. आई शेजारी उभी राहून ओरडत होती, "सैल गुंडाळ, चुरगळेल."

"ह्या सोमवारी? त्याआधी नाही?"

"सोमवारीच. मॅडमनी स्वतः आणून दिला. आणि तोही कापायला नाही. ते सुती कापड यंदा मिळत नाहीये, कोट यादीतून कधीच काढलाय. नुसता टांगून ठेवा म्हणाल्या." मास्तरांनी डबा पुन्हा उघडला. "झालं? की अजून कुणाचं नाव काढायचंय?"

"मास्तर, कागदाला घड्या माझ्या आईने घातल्या नाहीत. कुणी घातल्या ते बघायचं असेल तर चार वाजता तो खाका घेऊन आमच्याकडे या."

"मी कशाला येऊ?"

"मग आयुष्यभर चुकीच्या माणसाला शिव्या द्या," भिंगरी म्हणाली आणि पळाली.

६. चार वाजता

टेबलाभोवती इतकी माणसं त्या घरात कधी जमली नव्हती आणि एकमेकांकडे इतक्या वाईट नजरेने तर नाहीच नाही. शिलाईमावशी दारालगत हाताची घडी घालून. दुकानवाले काका खिडकीत, पाकीट छातीशी. मामा आईपासून जमेल तितका लांब. मॅडम आत आल्या आणि काकांना बघून उंबऱ्यातच थबकल्या.

"हे बरंय," त्या आईला म्हणाल्या. "साथीदाराला घरीच बोलावून घेतलंत. सही झाली?"

"नाही," आई म्हणाली. "मुलीला दोन मिनिटं बोलायचंय."

"मी मुलांशी धंद्याचं बोलत नाही."

"तुम्ही मुलांचेच कपडे विकता," भिंगरी म्हणाली. मावशीच्या तोंडून फस्सकन हसू निसटलं. भिंगरीचा आवाज वर्गात धडा वाचावा तसा खणखणीत निघाला.

"हा कोट आईच्या कागदावरून कापला गेला. बाही बावन्न आहे, आणि बावन्न फक्त कागदावर होती. शिवून धुतलेल्या कोटात ती पन्नास झाली होती. म्हणून कोट शिवणाऱ्या मावशीचा संबंध नाही. कागद चौघांकडेच होता: आई, मामा, मॅडम आणि मास्तर."

"आणि पाकिटावर नाव तुझ्या आईचं," काका म्हणाले.

"टाईप केलेलं. ते कुणीही करेल. कागद दाखवा."

काकांनी झेरॉक्स टेबलावर पसरली. भिंगरीने करड्या रेघांवर बोट ठेवलं. "ह्या रेघा घड्यांच्या नाहीत, छापलेल्या आहेत. ज्या कागदावरून झेरॉक्स काढली, त्या मूळ कागदाला घड्या होत्या. त्यांच्या सावल्या उतरल्यात. म्हणजे आधी कुणीतरी खाक्याला घड्या घातल्या, मग नक्कल काढली."

"तुझ्या आईनेच घातल्या असतील," मॅडम म्हणाल्या.

"ही तुमच्या सहीची पावती. 'गुंडाळलेला खाका एक.' घरातून निघाला तेव्हा आणि तुमच्या हातात पडला तेव्हाही तो गुंडाळलेला होता. मामा दुकानात थांबला ते तुमच्याकडे पोचायच्या आधी, म्हणून तोही सुटला."

"सुटलो," मामा पुटपुटला.

"मग मास्तर." मॅडमनी खांदे उडवले. "त्यांचा तुमच्यावर राग आहेच. मी कागद त्यांना दिला होता."

"केव्हा?" जिन्यातून आवाज आला.

मास्तर आत आले. काखेत कागदाची गुंडाळी होती. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. झेरॉक्सच्या शेजारी मूळ खाका उलगडला, खिशातून टेप काढली आणि एकतीस वर्षांच्या सवयीने, ओठ घट्ट मिटून, घडीची एकेक खूण मोजत गेले. इथे अठ्ठावीस, तिथे अठ्ठावीस. इथे छप्पन्न, तिथे छप्पन्न. सात खुणा, सात सावल्या.

"ह्याच घड्या," ते म्हणाले. "मला ह्या सोमवारी घड्या घातलेलाच मिळाला."

"आणि काकांना झेरॉक्स त्याच्या सहा दिवस आधीच, मंगळवारी आली होती," भिंगरी म्हणाली. "त्या मंगळवारी कागद एकाच माणसाकडे होता. आणि अशा माणसाकडे, ज्याने जन्मात खाका हाताळलेला नाही. आई, मावशी, मास्तर, यांच्यातलं कुणीही मेलं तरी खाक्याला घडी घालणार नाही. आणि सुळसुळीत कापडाच्या दुकानाला सुती कापडाचा कागद पाठवणार नाही. बाही लांब येणार हे त्यांना न मोजता कळलं असतं."

सगळ्यांचे डोळे मॅडमकडे वळले.

"मूर्खपणा आहे," मॅडम म्हणाल्या. "माझाच माल मी कशाला फोडू? नुकसान माझं झालंय."

"कसलं नुकसान?" मास्तर टेप गुंडाळत म्हणाले. "तो कोट आपण करतच नव्हतो. तुम्हीच म्हणालात, नुसता टांगून ठेवा."

मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर खिडकीतून उतरून गेला असता. मग त्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

"बरं. मग?" त्या आईला म्हणाल्या. बाकीचे जणू तिथे नव्हतेच. "तीनदा चांगुलपणाने विचारलं. तुम्ही कुठे ऐकता? नाटकातल्या राजाच्या अंगरख्यात मी तुमचा हात ओळखला, माहितेय? पहिल्या रांगेत बसले होते. पूर्ण नाटकभर मला दुसरं काही दिसलं नाही. अंगाची आग झाली. असा हात एकाच्याच कारखान्यात हवा."

"हात माझा आहे," आई म्हणाली.

"माझ्याकडे तुम्ही राणीसारख्या राहिला असतात."

"चोर म्हणून बांधून नेणार होतात. राणी कुठली?" आईने करारनामा उचलून मॅडमच्या मांडीवर ठेवला.  "तुमचं यापुढचं काम मी करणार नाही. आणि माझ्याबद्दल एक पत्र जरी कुणाला गेलं, तर हे दोन्ही कागद आणि ही पावती त्याच पत्त्यावर पाठोपाठ पोचतील."

मॅडम उठल्या. दारात मावशी हलली नाही, त्यामुळे त्यांना तिरकं होऊन निघावं लागलं. मास्तरांना त्या जाता जाता म्हणाल्या, "सोमवारी माझ्या केबिनमध्ये या."

"येतो," मास्तर म्हणाले. "एकतीस वर्षांत एकदा तरी खुर्ची द्या बसायला."

मॅडमची पावलं जिन्यात विरली. मास्तर अजून मूळ खाक्यावर वाकलेले होते. टोपीच्या तुकड्यावर बोट ठेवून ते आईला म्हणाले, "हा भाग इतका वळवायची गरज नव्हती."

"होती," आई म्हणाली.

"नव्हती. पण चांगलाय."

दुकानवाले काका खाकरले. ते केव्हाचे बोलायची संधी शोधत होते. चेहऱ्यावरचा राग पुसून त्यांनी तिथे एक मऊ, व्यापारी हसू चढवलं होतं.

"बाई, झालं ते वाईट झालं. पण तुमचं काम मी बघितलंय. बाह्या सोडल्या तर कोट पहिल्या दिवशीच गाजला. माझ्याकडे या. हवं तेवढं काम देतो, वर्षभर हात रिकामा राहणार नाही." ते जरा पुढे झुकले. "अट एकच, छोटीशी. फक्त आमचंच करायचं."

सगळ्यांनी आधी आईकडे बघितलं. मग मावशी जी हसत सुटली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. मामाने तोंडावर हेल्मेट धरलं. काका गोंधळून एकेकाकडे बघू लागले. आपण नक्की काय बोललो ते त्यांना कळेना.

आई हसली नाही. तिने हॉस्पिटलच्या गाउनचा अर्धवट खाका टेबलाच्या मधोमध ओढला आणि पट्टी हातात घेतली.

"हा गाउन पुरा व्हायला अजून आठ दिवस," ती म्हणाली. "मग नाटकवाल्यांचे तीन अंगरखे. त्यानंतर तुम्ही. थांबायची तयारी असेल तर कापड कुठलं ते आत्ता लिहून द्या. नसेल तर दार उघडंच आहे."

काकांनी दाराकडे बघितलं. आईच्या पट्टीकडे बघितलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि भिंगरीला म्हणाले, "पेन दे गं जरा."